नानांचा शिक्का कोण मारणार?

मतदान चार दिवसांवर आलं तरी नानांच्या मताचा शिक्का कोण मारणार, हे काही ठरत नव्हतं. उमेदवाराचा प्रश्न नव्हता. तो नानांनी मनाशी केव्हाच पक्का केला होता आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. प्रश्न हाताचा होता. नाना नवव्या वर्षापासून आंधळे. मतपत्रिकेवर शिक्का मारायला त्यांना दुसऱ्याचा हात लागे, आणि एकतीस वर्षं तो हात त्यांच्या बायकोचा होता. ती अकरा महिन्यांपूर्वी गेली.

तिच्या वेळी सगळं सोपं होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं उभे राहत. नाना तिच्या कानात चिन्ह सांगत, ती शिक्का मारी, "झालं" म्हणे, आणि दोघं घरी येऊन चहा पीत. सांगितलं तिथंच तिनं शिक्का मारला का, हा विचार नानांच्या मनाला कधी शिवला नाही. ज्या बाईच्या हातचं आयुष्यभर न बघता खाल्लं, तिच्यावर एका शिक्क्यासाठी काय संशय घ्यायचा?

आता घरात दोन हात होते. एक मुलाचा, एक मुलीचा. आणि दोन्ही हात शिक्का मारायला नुसते शिवशिवत होते.

नानांचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. पुढच्या खोलीत बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असत आणि घराला कायम ओल्या वेताचा वास येई. खुर्ची एकट्यानं विणता येते, पण लांब बाक एकट्याचं काम नाही. त्याला एक माणूस वर लागतो आणि एक खाली, जमिनीवर. वरचा भोकातून पट्टी खाली सोडतो आणि म्हणतो, "घे." खालचा ती ओढून शेजारच्या भोकातून वर सारतो आणि म्हणतो, "धर." आंधळ्याच्या घरात कामाला आवाज लागतोच. मुलं पट्टी हातात धरण्याइतकी मोठी झाली तशी नानांनी त्यांना या कामाला बसवलं. थोरला वर, धाकटी खाली. थोरल्याला सगळे दादा म्हणत, धाकटीला छोटी. दिवसभर घरात "घे", "धर", "घे", "धर" चालायचं, आणि बायको आतून ओरडायची, "अरे, दुसरं काही बोला रे कधीतरी!"

तो आवाज बंद होऊन दोन वर्षं झाली. अर्धवट विणलेला एक बाक भिंतीला टेकून उभा होता. नाना कधी कधी त्याच्यावरून हात फिरवत. अर्ध्यापर्यंत घट्ट वीण लागे, आणि पुढे नुसती भोकं.

झालं असं होतं की गावात पक्ष दोनच उरले होते, शिडी आणि किल्ली. आधी ते निवडणुकीपुरते असत. मग बारा महिने तेरा काळ झाले. शिडीवाल्यांचा न्हावी वेगळा, किल्लीवाल्यांचा वेगळा. डोकं दुखलं तरी गोळी आपल्या माणसाच्या दुकानातून. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या वाटीतून साखर गेली-आली, त्यांच्यात आता विस्तव जात नव्हता. दादा बसवर कंडक्टर होता, तो शिडीवाला झाला. छोटी एका टेलरिंगच्या दुकानात शिवणकामाला होती, ती किल्लीवाली झाली. दोघांची लग्नं या धुमश्चक्रीत राहूनच गेली.

आणि दोन वर्षांपूर्वी, दोन मिरवणुका समोरासमोर आल्या तेव्हा, किल्लीवाल्यांच्या बाजूनं एक दगड आला आणि दादाच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला नाही, पण असून नसल्यासारखा झाला. उजेड-अंधार तेवढा कळतो. दवाखान्यातून आल्यावर दादा म्हणाला होता, "नाना, अर्धा तुमच्या वळणावर गेलो." नानांना ती थट्टा अजून टोचत होती.

छोटी त्या दिवशी किल्लीवाल्यांच्या पहिल्या रांगेत होती. दादानं तिला एकदाच विचारलं, "दगड कुणी मारला?"

"मी पुढे बघत होते," ती म्हणाली.

नानांना माणसाचा चेहरा दिसत नाही, पण आवाज दिसतो. त्या चार शब्दांतलं खोटं त्यांना लख्ख दिसलं. ते बोलले नाहीत. बोलले असते तर मुलगी गेली असती, न बोलल्यानं मुलगा गेला. दादा तेव्हापासून बहिणीशी बोलला नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा दोघं दोन दारांत उभे होते.

तर मतदानाच्या चार दिवस आधी, कामावर निघताना दादा नानांपाशी उकिडवा बसला.

"नाना, शुक्रवारी मी नेतो तुम्हाला."

"तू तर एजंट म्हणून बसणार आहेस ना तिथं?"

"बसलो म्हणून काय झालं? पाच मिनिटं उठता येतं. तुम्ही कानात सांगा, मी शिक्का मारतो. आई मारायची तसा."

"बघू," नाना म्हणाले.

"बघू काय? आई आयुष्यभर शिडीवरच मारत आली. मला स्वतः सांगितलं होतं तिनं."

दादा गेला, आणि त्याचा पायरव संपतो न संपतो तोच छोटी मागच्या दारानं चहा घेऊन आली. ती भिंतीपलीकडे कान लावून बसली असणार.

"नाना, त्याच्याबरोबर जाऊ नका. तो तुमचं मत शिडीवर मारील आणि तुम्हाला कळणारही नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तसं व्हायचं. मी पण तिथंच आहे, आमच्या बाजूची एजंट. मी नेते."

"बघू," नाना म्हणाले.

"आई किल्लीचीच होती, नाना. मला म्हणाली होती ती. तुमच्यापुढे बोलायची नाही, एवढंच."

ही दोघंही खोटं बोलत नव्हती, आवाज सांगत होते. म्हणजे बायकोनं मुलाला एक सांगितलं होतं आणि मुलीला एक. घरात शांतता राहावी म्हणून सांगितलं असेल. पण मग एकतीस वर्षं, दर वेळी नानांनी कानात "शिडी" म्हटल्यावर, तिनं शिक्का कुठं मारला होता? हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. जिच्यावर उभा जन्म डोळे मिटून विश्वास ठेवला, तिच्याबद्दल असा विचार मनात यावा, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

आणि गंमत अशी, की नाना या खेपेला शिडीला मत देणार नव्हते. आयुष्यभर शिडी म्हटली, पण गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारात ते दोनदा पडले होते. दोन्ही पक्षांच्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं, कपडे झटकले, आणि गटाराचा दोष एकमेकांवर टाकला. झाकण मात्र किल्लीच्या उमेदवार बाईंनी आणून बसवलं. भाषण नाही, फोटो नाही. दुसऱ्या दिवशी नानांची काठी दगडाऐवजी लोखंडावर वाजली, तेव्हा त्यांना कळलं. कुणाला मत द्यायचं ते तिथंच ठरलं. कुणी म्हणेल एवढ्याशा झाकणावर मत? ज्याला खड्डा दिसतो त्यानं म्हणावं.

पण हे दादाच्या कानात सांगायचं? त्या अधू डोळ्याच्या बाजूच्या कानात, "किल्ली" म्हणायचं? आणि छोटीला सांगावं, तर ती शिक्का बरोबर मारील, पण संध्याकाळपर्यंत गावभर डंका पिटेल, "आमचे नाना आमच्या बाजूचे!" झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली की घर गेलंच.

दुसऱ्या दिवशी ते तिसरा हात शोधायला बाहेर पडले. रस्त्याच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा जुना मित्र होता. नानांनी सगळं सांगितलं, उमेदवार तेवढा सोडून.

"एवढंच ना? मी येतो," मित्र म्हणाला. "अजिबात काळजी करू नका. शिडीवर असा ठसठशीत मारतो की बघत राहाल."

"मी शिडी म्हटलं का?"

मित्र थांबला. टेबलावरची घड्याळं टिकटिकत राहिली.

"मग काय म्हणता?" त्यानं विचारलं. आवाज बदलला होता.

नाना उठले. तिथून ते औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई बिचाऱ्या सरळ. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, तुमच्यासाठी जीव देईन, पण हे नका सांगू. मी तुमच्याबरोबर दिसले तर हरलेली बाजू माझं दुकान फोडील. जिंकलेलीसुद्धा फोडील, म्हणतील ही आतून तिकडची." परत येताना नाना दारं मोजत आले. चौतीस दारं. प्रत्येक दारातल्या माणसाचं खोकणंसुद्धा त्यांना ओळखू यायचं, आणि चौतीस दारांत एक हात मिळेना. घरी येऊन त्यांनी कडी लावली आणि, खरं सांगायचं तर, ते रडले. बायको गेली तेव्हाही असे रडले नव्हते. नको ते मत, असं त्यांच्या मनात आलं. शुक्रवारी पडून राहावं, ताप आला म्हणावं.

मताची चिठ्ठी वाटणारा कारकून बुधवारी आला नसता, तर तसंच झालं असतं. त्यानं सवयीनं सगळं वाचून दाखवलं. खोली नंबर दोन. मतपत्रिकेत दोनच नावं. आधी शिडी आणि तिच्या खाली शिक्क्याची चौकट, मग किल्ली आणि तिच्या खाली चौकट.

"सोबत कोण येणार?" त्यानं विचारलं.

"कुणी नसेल तर?"

"नसेल तर केंद्राध्यक्ष स्वतः शिक्का मारतात. तुम्ही चिन्ह सांगायचं, ते मारणार, आणि दोन्ही बाजूंचे एजंट साक्षीला उभे राहणार. सांगितलं तसंच झालं, असं दोघांनी म्हणून सही केली की पत्रिका पेटीत. बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ असते."

"दोन्ही एजंट?"

"दोन्ही."

कारकून गेला आणि नाना बादलीतल्या पट्ट्यांत हात बुडवून बसले. सोबती नेला तर एकच माणूस, त्याच्या मनात काय आहे देव जाणे. इथं दोघं. दोघं एकमेकांना पाण्यात पाहणारे, डोळ्यांत तेल घालून उभे राहणारे. एकानं लबाडी केली तर दुसरा गप्प बसेल? शक्यच नाही. या वैरानं घराचं वाटोळं केलं, पण निदान एका मताची राखण तरी त्यानं करावी. हिशेब बिनचूक होता. फक्त त्यासाठी दादाच्या समोर उभं राहून "किल्ली" म्हणावं लागणार होतं. तो शब्द त्यांनी दोन दिवस मनातल्या मनात म्हणून पाहिला, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हातातली पट्टी थांबली.

शुक्रवारी दोघंही पहाटेच केंद्रावर गेले. दोघंही सांगून गेले, "दहाला घ्यायला येतो" आणि "नऊला घ्यायला येते." नाना आठलाच एकटे निघाले. काठी झाकणावर ठण्णदिशी वाजली, तेव्हा त्यांना जरा धीर आला.

केंद्र शाळेत होतं. लहान मुलांचा वर्ग, खडूचा वास, गुडघ्याएवढे बाक. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर डावीकडे शिडीवाल्यांचा घोळका, उजवीकडे किल्लीवाल्यांचा. नाना आत शिरले तशा दोन खुर्च्या एकदम सरकल्या.

"नाना, एकटे कशाला आलात?"

"नाना, थांबा, मी येते!"

"मला सोबती नाही," नाना मोठ्यानं म्हणाले. "केंद्राध्यक्षांनी शिक्का मारावा."

केंद्राध्यक्ष परगावचे चित्रकलेचे शिक्षक होते. गृहस्थ फार सभ्य. त्यांनी नानांना हात धरून कोपऱ्यातल्या टेबलापाशी आणलं, दोन्ही एजंटांना बोलावलं, शपथ वाचली. दादा येऊन नानांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या शर्टाला बसमधल्या तिकिटांचा आणि घामाचा वास होता.

"तुम्हीही याच बाजूला या," केंद्राध्यक्ष छोटीला म्हणाले.

"मी याच्या शेजारी उभी राहणार नाही," छोटी म्हणाली, आणि टेबलाच्या पलीकडे, केंद्राध्यक्षांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"हं, बोला आजोबा. हळू सांगा."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची दोन्ही मुलं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. असंच उभं राहावं, बोलूच नये, असं त्यांना वाटलं.

"किल्ली," ते म्हणाले.

शेजारचा श्वास अडकला. पलीकडून छोटीचा श्वास सुटला. कागद सरकल्याचा आवाज झाला, शिक्का शाईच्या गादीवर आपटला आणि मग कागदावर.

"झालं. आता दोघांनी बघून सांगा, सांगितलं तसंच झालं ना?"

"बरोबर," छोटी लगेच म्हणाली.

दादा बोलला नाही.

नानांना वाटलं, दुखावलाय. दुखावणारच. पोरगा डोळा देऊन बसला आणि बाप किल्ली म्हणतो. ते कुजबुजले, "दादा, बरोबर आहे म्हण आणि मोकळा हो. माझ्यावर राग धर, पण सही कर."

बाहेर कुणीतरी हसत होतं. नानांना दादाचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी खोटं बोलायच्या आधी यायचा तसा, तोंडानं घेतलेला.

"अहो, मागे रांग आहे," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"चुकलंय," दादा म्हणाला.

"काय चुकलंय?"

"शिक्का."

"वा!" छोटी उसळली. "हरला की चुकलंय! साहेब, हा नाटक करतोय. किल्लीचं एक मत बाद करायचंय त्याला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, किल्लीच्या खालच्याच चौकटीत आहे."

"मीही तिथंच मारलाय," केंद्राध्यक्ष जरा दुखावून म्हणाले.

"त्या बाजूनं बघताय तुम्ही," दादा म्हणाला. "या बाजूनं तो शिडीच्या खाली आहे."

नाना टेबल धरून उभे राहिले. तिकडे एक पोर म्हणतंय बरोबर, इकडे एक म्हणतंय चूक, आणि मध्ये ते, डोळ्यांच्या जागी दोन खाचा घेऊन. आईची शिडी आणि आईची किल्ली, तसंच हे. त्यांनी कागदावर हात ठेवला. या बोटांना केसाएवढी वीण सैल झालेली कळायची, पण कागद सपाट होता. शाई बोटांना काही सांगत नाही. दोन वैऱ्यांना साक्षीला उभं करायचा त्यांचा बिनचूक हिशेब या सपाट कागदावर येऊन आपटला होता. आता मत कुठं गेलं ते त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि त्यांच्या दोन्ही मुलांनाही कधी एकमेकांचं खरं वाटणार नव्हतं.

"छोटे," दादा म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला हाक मारली होती. "तू मला खोटा म्हण, पण आधी या बाजूला ये आणि बघ."

चपला वाजल्या. टेबलाच्या कडेनं त्या आल्या आणि नानांच्या दुसऱ्या हाताशी थांबल्या. कपड्याच्या खळीचा वास आला. छोटी वाकली असावी, कारण तिचा श्वास टेबलाजवळून आला.

"दादा म्हणतो ते खरं आहे," ती म्हणाली.

केंद्राध्यक्षांनी कागद फिरवला आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. सभ्यपणानं घात केला होता. मतदाराला नीट दिसावं म्हणून त्यांनी मतपत्रिका नानांकडे तोंड करून ठेवली होती! आंधळ्याला वाचता यावं म्हणून! स्वतः उलट्या बाजूनं, नावं न वाचता, नुसती किल्ली शोधली, तिच्या खालची चौकट बघून शिक्का मारला, आणि ती चौकट निघाली शिडीची. छोटी त्यांच्याच बाजूला उभी होती, तिलाही तेच दिसलं. सरळ कागद एकट्या दादाला दिसत होता, तोही एकाच डोळ्यानं. गप्प बसून सही केली असती, तर शिडीला एक मत फुकट मिळत होतं आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता.

ती पत्रिका रद्द झाली, दुसरी आली. या वेळी चौघंही एका बाजूला दाटीवाटीनं उभे राहिले. "बरोबर," छोटी म्हणाली. "बरोबर," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

सही करून होते न होते तोच खिडकीतून शिडीवाल्यांच्या म्होरक्याचा आवाज आला. "अरे, पदरात पडलेलं मत घालवलंस? घरभेद्या! बिल्ला काढ तो." दादानं काही न बोलता छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. टाचणीचा बारीकसा आवाज झाला. मग तिथल्या तिथं, उघड्या खिडकीपाशी, छोटी बोलली.

"दादा, मी पुढे बघत नव्हते त्या दिवशी."

दादानं टेबलावरचा बिल्ला बोटानं पलीकडे सरकवला.

"आमच्या प्रचारप्रमुखानं मारला दगड. माझ्या शेजारीच होता तो. दगड उचलताना मी त्याला बघितलं आणि मला वाटलं, मारू दे."

नानांनी तिच्या मनगटाला धरलं. तिला गप्प करायला की पडू नये म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही.

"दोन वर्षं," दादा म्हणाला.

"हो."

"ठाण्यात सांगशील?"

"सांगते. उद्या जाऊ."

उजवीकडचा घोळका गप्प झाला होता. डावीकडचा आधीच गप्प होता. तिघं शाळेच्या पायऱ्या उतरले, एका दंडाला दादा, एका दंडाला छोटी, आणि दोन्ही घोळक्यांनी त्यांना वाट दिली. ती वाट मानानं दिलेली नव्हती. नानांना पायांचे आवाज ओळखता येतात. ते मागे सरकणाऱ्या पायांचे होते. रस्त्यात घड्याळवाल्या मित्रानं हाक मारली नाही. औषधाच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर खाली आलं. सकाळी या गावात निदान अर्धी-अर्धी माणसं तरी त्यांची होती. आता चौतीस दारांत एकही त्यांचं उरलं नव्हतं. काठी झाकणावर वाजली, ठण्ण, आणि नाना मनात म्हणाले, हे एवढं राहिलं.

घरी तिघंही पुढच्या खोलीत नुसतेच बसले. दोन वर्षांचं एका दिवसात बोलून होत नाही, आणि दादाच्या डोळ्यावर तर बोलून काही उपाय नव्हता. छोटी मध्येच रडत होती. दादा तिला गप्प बस म्हणाला नाही आणि रड असंही म्हणाला नाही. शेवटी नानांनाच सहन होईना.

"तो बाक आडवा टाका," ते म्हणाले.

दादानं बाक भिंतीपासून ओढला. पट्ट्या भिजलेल्या होत्याच. दादा वर बसला, छोटी जमिनीवर आडवी झाली. पहिल्या दहा-बारा भोकांत हात नीट चालेनात. दादाला एका डोळ्यानं भोकाचा अंदाज येत नव्हता, पट्टी बाजूला जाई. मग त्यानंही नानांसारखं बोटानं भोक शोधायला सुरुवात केली.

"घे."

"धर."

दिवस कलायच्या सुमारास दारावर दगड आला. लाकडावर आपटून पायरीवर घरंगळला. तिघांचेही हात थांबले. पाठोपाठ दुसरा आला.

"कुठल्या बाजूनं आला रे?" नानांनी विचारलं.

"काय माहीत," दादा म्हणाला.

नानांनी उठून कडी चाचपली. ती लागलेली होती. बादली त्यांनी दारापासून आत ओढली आणि परत आपल्या जागी येऊन बसले. मग छोटीनं खालून पट्टी वर सारली.

"धर," ती म्हणाली.